कोरट्याचं बॅरेज भरलेलंच दिसतं, सातनाला मात्र उतरतो, असं का?

बेला (जि. आदिलाबाद) : दिवाळी सरली की आमच्या बेला मंडलात दरवर्षी एक प्रश्न फिरू लागतो. चहाच्या टपरीवर ऐकू येतो, जिनिंगमध्ये कापसाची गाडी खाली होईस्तोवर ऐकू येतो. "कोरट्याचं बॅरेज तर तुडुंब भरून हाये, मंग पाणी पुरनार नाही म्हनून काऊन सांगतेत?"

विचारणाऱ्याची चूक नाही. सातनाला प्रकल्पावर जाऊन पाहिलं तर पाऊस संपल्यावर पाणी दर पंधरवड्याला काठ सोडून मागे सरकलेलं दिसतं, गाळाचे पट्टे उघडे पडतात. पैनगंगेवरच्या चनाखा-कोरटा बॅरेजवर मात्र दारं खाली असली की पाणी दारांना लागून जसंच्या तसं उभं. मग माणूस डोळ्यांनीच हिशेब लावतो. ज्याचं पाणी उतरतं तो गरीब, ज्याचं हलत नाही तो श्रीमंत.

हा हिशेब बरोब्बर उलटा आहे. आणि तो उलटा असल्याचं वेळेत कळलं नाही तर रब्बीची पेरणी चुकीच्या भरवशावर होते. म्हणून आज जरा सविस्तर.

गल्ला वेगळा, गोदाम वेगळं

किराणा दुकानात दोन जागा असतात. मागे गोदाम, पुढे काउंटर. दिवाळीआधी गोदाम छतापर्यंत भरतं आणि दोन महिन्यांत रिकामं होतं. ते रिकामं होण्यासाठीच भरलेलं असतं. काउंटरवरच्या बरण्या मात्र रोज भरलेल्या दिसतात, कारण एक किलो विकला की मागून एक किलो येतो. बरण्या भरलेल्या दिसल्या म्हणून दुकानात माल भरपूर आहे असं कोणी व्यापारी म्हणणार नाही. तो गोदाम उघडून बघेल.

सातनाला हे छोटं का होईना, गोदाम आहे. पावसाळ्यात भरायचं, रब्बीला पाटातून सोडायचं, जूनपर्यंत तळाला जायचं. त्याची पातळी उतरते म्हणजे तो त्याचं काम करतो आहे. कोरट्याचं बॅरेज हे काउंटर आहे. नदीच्या पात्रातच आडवी दारं लावून पाणी एका ठरावीक उंचीपर्यंत चढवायचं, आणि वरून जेवढं येईल त्यातलं हवं तेवढं उचलून बाकीचं दारांखालून सोडायचं. आवक आणि जावक सारखी ठेवली की पातळी हलत नाही. दारांवर बसलेल्या माणसाचं सगळं काम तेवढंच.

मराठवाड्यातल्या वाचकांना हे येलदरी-सिद्धेश्वरवरून लगेच कळेल. दोन्ही पूर्णा नदीवर, एकाखाली एक. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे 809 दलघमी, खालच्या सिद्धेश्वरचा जेमतेम 81. वसमत भागात जाणारा कालवा निघतो सिद्धेश्वरमधून. येलदरीचं पाणी वीजघरातून फिरून सिद्धेश्वरमध्ये येतं आणि तिथून कालव्यात जातं. म्हणजे उपसा सगळा सिद्धेश्वरमधून, पण खाली बसते येलदरी. पुण्याची खडकवासला साखळीही तशीच चालते: कालवा खडकवासल्यातून, पण उतरतात वरची पानशेत आणि वरसगाव. ज्या जलाशयाच्या वर दुसरा जलाशय राखणदार म्हणून बसलेला आहे, त्याची पातळी स्थिर ठेवता येते. ज्याच्या वर फक्त आभाळ आहे, तो चढणार आणि उतरणारच.

आता कोरट्याचा प्रश्न इथेच आहे. त्याच्या वर राखणदार कोण? त्याकडे शेवटी येतो.

213 हा आकडा आला कुठून

बॅरेजची पातळी का राखायची? कारण पाण्याला शेतापर्यंत नेण्यासाठी आधी ते पंपाच्या तोंडापर्यंत यावं लागतं. हत्तीघाटच्या पंपघराची तोंडं एका ठरावीक उंचीवर बांधलेली आहेत. पाणी त्याखाली गेलं की नदीत पाणी असूनही पंप हवा ओढायला लागतो. आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो ना, तसंच. फक्त विहिरीत पाइप खाली सोडता येतो, इथे काँक्रीट खाली सरकत नाही.

ही उंची समुद्रसपाटीपासून 213 मीटर. तो आकडा इंजिनिअरच्या टेबलावर ठरला तसा दोन राज्यांच्या टेबलावरही ठरला. 23 ऑगस्ट 2016 ला मुंबईत देवेंद्र फडणवीस आणि के. चंद्रशेखर राव या दोन मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत करार झाला, त्यात तीन बॅरेजच्या तीन उंच्या नक्की झाल्या. मेडिगड्डा 100 मीटर, तुम्मिडीहट्टी 148 मीटर, चनाखा-कोरटा 213 मीटर. तुम्मिडीहट्टीसाठी आधी 152 मीटरची मागणी होती. वरच्या चार मीटरमध्ये महाराष्ट्राकडची जमीन बुडते म्हणून महाराष्ट्राने ती मानली नाही. पाणी किती टीएमसी उचलायचं यावर जेवढा वाद झाला, त्यापेक्षा जास्त वर्षं या चार मीटरने खाल्ली.

म्हणून सीमेवरच्या बॅरेजची पातळी स्थिर राहण्याला आणखी एक कारण आहे, ते जलशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. 213 च्या वर पाणी चढवलं तर पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणाच्या तरी शेतात ते जाईल. खाली ठेवलं तर आमचे पंप कोरडे. दोन्ही बाजूंनी बांधलेली ही रेषा आहे. जलाशय एका राज्यात पूर्ण असता तर गरजेला अर्धा मीटर वर-खाली करण्याची मुभा राहिली असती.

स्थिर पाण्याचा एक फायदा मात्र दोन्ही काठांना फुकट मिळतो. नदीत सहा महिने एकाच उंचीला पाणी उभं राहिलं की जवळच्या विहिरींची पातळी चढते. पलीकडच्या शेतकऱ्याने काठावर मोटार ठेवली तर त्याचीही तहान भागते. तोटाही फुकटच येतो; सखल काळ्या जमिनीत ओल हटत नाही, नदीला मिळणाऱ्या नाल्यांच्या तोंडाशी पाणी तुंबतं.

जरा आकडेमोड

कॉमर्सचा माणूस असल्याने मला पाण्यापेक्षा खतावणी लवकर कळते. बॅरेजमध्ये पूर्ण भरल्यावर मावतं 0.83 टीएमसी. त्यावर लाभक्षेत्र (आमच्याकडे कचेरीत आयकट म्हणतात) ठरवलंय 51,000 एकर. समजा वरून थेंबभर पाणी येणं बंद झालं आणि बॅरेज तळापर्यंत उपसून सगळ्या एकरांवर सारखं पसरलं. किती उंची होईल? साडेचार इंच. पाटाची गळती आणि ऊन धरलं तर त्याहून कमी. हरभऱ्याला कशीबशी एक ओलणी, फार तर दीड.

सातनाल्याचं तेच गणित करा. सव्वा टीएमसीच्या आसपास साठा, 24,000 एकर लाभक्षेत्र. सारखं पसरलं तर चौदा इंच. म्हणजे दर एकरामागे सातनाल्याकडे तिप्पट पाणी साठून आहे, आणि लोक म्हणतात सातनाला आटला, बॅरेज भरलेलं आहे!

बॅरेज फसवं आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नदी वाहत असताना ते रोज भरतं आणि रोज देतं, हंगामभरात 0.83 च्या कितीतरी पट पाणी त्यातून उचलता येतं. खरिपात पावसाने महिनाभर ओढ दिली तर कापसा-सोयाबीनला वाचवायला त्याच्यासारखं साधन नाही. पण ते वाहत्या नदीचं साधन आहे. नदी थांबली की त्याची श्रीमंती साडेचार इंचांची. पिप्पलकोटीचा जलाशय आराखड्यात धरलाय तो याचसाठी, उचललेलं पाणी कुठेतरी साठवून ठेवायला.

कॅलेंडर, कोर्ट आणि खचलेले खांब

पातळी ठरवणारं नेहमी पाणीच असतं असं नाही. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादजवळचं बाभळी घ्या. गोदावरीवरचा 14 दारांचा बंधारा, क्षमता 2.74 टीएमसी. सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल दिला, तेव्हापासून त्याची पातळी कॅलेंडरवर चालते. 1 जुलैला सगळी दारं वर. 28 ऑक्टोबरपर्यंत ती वरच राहणार, नदी दुथडी वाहो की नुसती झिरपो. मग दारं खाली, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी श्रीरामसागरसाठी सोडायचं.

धर्माबादचे शेतकरी म्हणतात, आम्ही पुराचं पाणी डोळ्यांदेखत जाऊ देतो आणि दारं लावायला परवानगी मिळते तेव्हा नदीच ओसरलेली असते. निजामाबाद-निर्मलचे शेतकरी म्हणतात, वर दारं लागली तर श्रीरामसागरात काय येईल? मला विचाराल तर दोघांचीही भीती खरी आहे. पण नियम असा आहे की चांगल्या पावसाच्या वर्षीही बाभळी भरेलच याची खात्री नाही. 28 ऑक्टोबर ही तारीख मान्सूनला माहीत नसते.

मेडिगड्ड्याचं उदाहरण तिसऱ्या तऱ्हेचं. 2016 च्या त्याच करारातलं ते बॅरेज. 21 ऑक्टोबर 2023 ला त्याच्या सातव्या ब्लॉकचे खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने नियोजन, आराखडा, गुणवत्ता आणि देखभाल या सगळ्यांत दोष दाखवले. त्यानंतर दारं उघडी ठेवावी लागली आणि 100 मीटरची ती करारातली पातळी कागदावर राहिली. पाणी दिवसरात्र अडवून धरणं हे वाळूवर उभ्या असलेल्या बांधकामावर केवढं ओझं असतं, हे त्या दिवशी दोन्ही राज्यांना कळलं.

उतरवून ठेवलेली पातळी

काही जलाशय मुद्दाम रिकामे ठेवावे लागतात. शेजारच्या निर्मल जिल्ह्यातला कडेम प्रकल्प आठवा. क्षमता सुमारे 7.6 टीएमसी, पूर्ण पातळी 700 फूट, दारं 18. जुलै 2022 मध्ये तिथे पाच लाख क्युसेकच्या वर आवक आली, दारांतून जाऊ शकतं तीन लाखांच्या आसपास, आणि त्यात एक दार उघडलंच नाही. पाणी धरणावरून वाहिलं. धरण टिकलं, हे नशीब.

हिशेब पाहा. एक लाख क्युसेक दिवसभर वाहिलं तर साधारण 8.6 टीएमसी होतं. पाच लाखांच्या वेगाने कडेमसारखी दोन धरणं भरायला आठ-साडेआठ तास पुरतात. अशा ठिकाणी जुलैमध्ये "धरण शंभर टक्के भरलं" ही आनंदाची बातमी नसते. ती धोक्याची असते, कारण पुढच्या लोंढ्याला जागाच उरलेली नसते. डोंगरउतारावरचा, मोठं पाणलोट आणि लहान पोट असलेला जलाशय पावसाळ्यात मुद्दाम खाली ठेवावा लागतो आणि परतीच्या पावसावर भरून घ्यावा लागतो. चीनमधलं थ्री गॉर्जेस धरण हेच फार मोठ्या प्रमाणात करतं. पुराआधी पातळी 145 मीटरपर्यंत खाली आणतात, हिवाळ्यात 175 वर नेतात. तीस मीटरचा चढउतार, तोही ठरवून.

आमच्या बॅरेजची गंमत अशी की पुरात त्याला पातळीच नसते. सगळी दारं वर उचलली की नदी आपल्या मापाने वाहते. "बॅरेजमुळे पूर आला" असं बेल्यात नि पलीकडेही ऐकायला मिळतं. दारं वेळेत वर गेली असतील तर तो आरोप बराचसा चुकीचा आहे. उशिरा गेली असतील तर बरोबर आहे. पुरानंतर वाद होतो तेव्हा दारं किती वाजता आणि किती उघडली ही नोंद दोन्ही काठांच्या गावांना पाहायला मिळाली, तर अर्धा वाद तिथेच मिटेल.

विजेसाठीच्या तलावांचं गणित आणखी निराळं. घाटघरला रात्री वीज शिल्लक असते तेव्हा पाणी वर चढवतात आणि मागणीच्या वेळी खाली सोडतात. तो तलाव रोजच चढतो-उतरतो. तो विषय इथे वाढवत नाही.

टक्के, फूट आणि टीएमसीचा घोळ

सीमेवर राहणाऱ्याला एक जास्तीची अडचण असते. यवतमाळ-नांदेडचं मराठी वर्तमानपत्र दलघमी आणि टक्क्यांत बोलतं, आदिलाबादचं तेलुगू वर्तमानपत्र फूट आणि टीएमसीत. एक टीएमसी म्हणजे 28.3 दलघमी, एवढं पाठ केलं तरी भागत नाही. महाराष्ट्रातले टक्के उपयुक्त साठ्याचे असतात, म्हणजे दारापर्यंत पोचणाऱ्या पाण्याचे. तेलंगणात आकडा बहुतेक वेळा एकूण पाण्याचा देतात.

परिणाम काय? 2019 च्या उन्हाळ्यात जायकवाडी शून्याच्या खाली गेली अशा बातम्या होत्या. शून्य टक्के असताना जायकवाडीत 738 दलघमी मृतसाठा असतो, म्हणजे 26 टीएमसी! आमच्या सातनाल्याच्या वीसपट पाणी, पण कागदावर शून्य. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला आकडा दिसतो "श्रीरामसागरात अमुक टीएमसी", ज्यात तळाचं न मिळणारं पाणीही धरलेलं. या दोन आकड्यांची तुलना करून सोशल मीडियावर "त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही" ही भांडणं दोन्हीकडून चालतात.

पातळीचा आकडा एकच राहिला तरी पाणी तेच राहत नाही, हेही ध्यानात घ्यावं. श्रीरामसागरची पूर्ण पातळी तेव्हाही 1091 फूट, आजही 1091 फूट. पण बांधताना त्यात 112 टीएमसी मावत होतं. गाळामुळे पुढच्या पाहणीत ते 90 वर आणि नंतर 80 च्या आसपास आलं. पाटी तीच, माप कमी. आणि पसरट भांड्यात वरचा एक फूट म्हणजे प्रचंड पाणी असतं, तळाचा एक फूट म्हणजे काहीच नाही. जायकवाडी ताटासारखी पसरट आहे, म्हणून तिथे ऊनही जास्त पितं. अरुंद दरीतलं कोयनेसारखं धरण पातळीने झरझर उतरताना दिसतं, पण उन्हाला तेवढं देत नाही. "दोन फूट उतरलं" हे वाक्य कुठल्या जलाशयाबद्दल आणि किती उंचीवर, हे सांगितल्याशिवाय अर्धवटच.

मग कोरट्याच्या वर कोण?

पैनगंगेवर मोठं गोदाम एकच, ईसापूर. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं धरण, पूर्ण पातळी 441 मीटर, उपयुक्त साठा 964 दलघमी, म्हणजे 34 टीएमसी. पण त्याचे गिऱ्हाईक ठरलेले आहेत: हिंगोली, नांदेड आणि यवतमाळचे कालवे. उन्हाळ्यात उमरखेड, हिमायतनगर, किनवटच्या नदीकाठच्या गावांनाच "पैनगंगेत पाणी सोडा" म्हणून आंदोलन करावं लागतं. त्यांच्या पात्रातून उरून ते आमच्यापर्यंत यावं ही अपेक्षा मलाही धरवत नाही.

खरा राखणदार व्हायचा होता निम्न पैनगंगा. घाटंजी तालुक्यातलं, दोन राज्यांचं संयुक्त धरण. पाण्यात महाराष्ट्राचा वाटा 88 टक्के, आमचा 12. करार 1975 चा. बुडणाऱ्या गावांचा विरोध, पैसा, परवानग्या यांत त्याला पन्नास वर्षं गेली. त्या गावांचं म्हणणं खोटं ठरवायचा मला अधिकार नाही. घर जाणार त्यांचं आहे. पण कोरट्याचं काउंटर आधी उभं राहिलं आणि मागचं गोदाम नाही, ही वस्तुस्थिती आहे. तोवर कोरट्याची स्थिर पातळी पावसाळी नदीच्या शेपटावरच उभी.

त्यामुळे नोव्हेंबरात बॅरेजवर जाल तेव्हा पाणी दारांना लागलंय का हे पाहू नका, ते लागलेलंच असणार. दारांच्या खालच्या अंगाला जा. एखाद्या दाराखालून अजून पाणी सुटत असेल, तर पंप उचलतात त्याहून जास्त नदी आणते आहे; हरभऱ्याला दोन ओलण्या धरायला हरकत नाही. खालचं पात्र कोरडं झालं असेल आणि वर पातळी 213 वर टिकून असेल, तर आवक-जावक जेमतेम जुळते आहे. आणि ज्या दिवशी सगळी दारं बंद असूनही पट्टीवरचं पाणी 213 च्या खाली सरकायला लागेल, त्या दिवसापासून हातात 0.83 टीएमसी, तेही पंपाच्या तोंडापर्यंतचंच. गव्हाचं बी घेण्याआधी हे एकदा जाऊन पाहून यावं.